उघड्या टपाच्या गाड्या: नागपुरात डायकास्ट जमवायला लागताना

तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल सजवून गल्लीभर फिरवलेला प्रत्येक नागपूरकर अर्धा संग्राहक असतोच. माझ्या बैलाला आता झुलीऐवजी क्रोमचा बंपर आहे, एवढाच फरक.

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि दिवाण आवरताना त्याच्या गाड्यांनी भरलेला बुटांचा खोका हाती लागला. त्यात एक फिकट निळी, टप नसलेली कॉर्व्हेट होती. पुढची काच गायब, पण स्टिअरिंग, दोन सीटा, डॅशबोर्डावरचे तिळाएवढे मीटर, सगळं जागच्या जागी. ती ऑफिसच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि तिथून जे लागलं ते लागलंच. चार वर्षांत एकसष्ट डायकास्ट गाड्या (म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती) झाल्या, सगळ्या उघड्या टपाच्या. त्यातल्या निदान पंधरा घ्यायलाच नको होत्या. त्या पंधरांनी जे शिकवलं ते इथे लिहिते आहे, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

१. आधी ठरवा, तुमची ‘उघडी’ कोणती

‘सगळ्या क्लासिक गाड्या’ असं ठरवलंत तर घराचं गोदाम होतं. ‘सगळ्या कन्व्हर्टिबल’ म्हटलं तरी खूप होतं. एक धागा पकडा.

पन्नास-साठच्या दशकांतल्या लांबलचक अमेरिकन गाड्या घ्यायच्या असतील तर १९५७ ची शेव्हरोले बेल एअर, १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो आणि एप्रिल १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग ही पहिली नावं. ब्रिटिश दोन-सीटर आवडत असतील तर एमजीए, ऑस्टिन-हीली ३०००, जग्वार ई-टाइप. जर्मनीकडे मन ओढत असेल तर मर्सिडीज ३०० एसएल रोडस्टर, पोर्शे ३५६ स्पीडस्टर आणि आपली लाडकी बीटल कॅब्रिओले. मी अमेरिकेपासून सुरुवात केली, कारण त्या गाड्यांच्या मागच्या पंखांवर माझा जीव जडला.

खोक्यांवर नावं वेगवेगळी दिसतील: कन्व्हर्टिबल, कॅब्रिओले, ड्रॉपहेड, रोडस्टर, स्पायडर. मोटामोटी एवढं लक्षात ठेवा. जुन्या अर्थाने रोडस्टर म्हणजे दोन सीटा आणि वर-खाली न होणाऱ्या, काढून ठेवायच्या बाजूच्या काचा. कन्व्हर्टिबल किंवा कॅब्रिओले म्हणजे दारात सरकणाऱ्या काचा आणि जरा ऐसपैस घडीचा टप. कंपन्यांनी ही नावं मन मानेल तशी वापरली आहेत, त्यामुळे त्यावरून वाद घालू नका.

२. माप समजून घ्या, मगच कपाट घ्या

बाजारात मुख्यतः चार मापं मिळतात: १:१८, १:२४, १:४३ आणि १:६४. १:१८ म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा भाग. १९५९ ची कॅडिलॅक खरोखर ५.७ मीटर लांब होती. ती १:१८ मध्ये जवळपास ३२ सेंटिमीटर भरते, १:४३ मध्ये १३ आणि १:६४ मध्ये ९. एमजीए जेमतेम चार मीटरची, म्हणून १:१८ मध्ये ती २२ सेंटिमीटरच. दोन्ही शेजारी ठेवल्या की म्हैस आणि शेळी उभी केल्यासारखं दिसतं, आणि तेच तर बघायचं असतं.

छोट्या गाड्यांमध्ये मात्र ही गंमत राहत नाही. हॉट व्हील्ससारख्या कंपन्या सगळ्या गाड्या एकाच आकाराच्या पाकिटात बसवतात, त्यामुळे तिथे कॅडिलॅक आणि एमजी जवळपास एकाच लांबीच्या निघतात.

आमचं कपाट ३० सेंटिमीटर खोल होतं. कॅडिलॅक आडवी ठेवावी लागली आणि तिच्यामागे दोन फोर्ड कायमच्या लपल्या. तुम्ही आधी टेप लावा.

३. जवळ काय काय हवं

सामान:
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मेकअपचा मऊ ब्रश (नवा, पावडर न लागलेला) आणि कॅमेऱ्याचा हवा मारायचा रबरी फुगा
- मायक्रोफायबरचं कापड, कानाच्या कापसाच्या काड्या, डिस्टिल्ड पाण्याची बाटली
- सिलिका जेलच्या पुड्या
- दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र
- बेकिंग पेपर (कशाला, ते पुढे येईल)

कागद:
- प्रत्येक खरेदीचं बिल, हाताने लिहिलेलं का असेना
- ऑनलाइन घेतली असेल तर जाहिरातीचा आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट
- पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, चिकटपट्टी कापण्याआधीपासून
- परदेशातून मागवणार असाल तर केवायसीसाठी आधार आणि पॅन

४. नागपुरात कुठे शोधायचं

मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानांत छोट्या मापाच्या गाड्या मिळतात. नवा माल कोणत्या दिवशी लागतो हे काउंटरवरच्या पोराला विचारून ठेवा. तो सांगतो. बर्डी, धरमपेठ, सदरच्या जुन्या दुकानांत १:२४ आणि १:१८ सापडतात, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या फळीवर, चार वर्षांची धूळ खात. या धुळीने नाक मुरडू नका, तिथेच जुना भाव मिळतो. इतवारी-गांधीबागेचा बाजार ठोकवाल्यांचा. एक नग मागितला तर कोणी देईल, कोणी पाठ फिरवेल.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, पोट्ट्यासाठी पाहून राहिल्या का?” मी सुरुवातीला संकोचून हो म्हणायचे आणि समोर प्लॅस्टिकची लाइटवाली, गाणी म्हणणारी गाडी यायची. आता सरळ सांगते, “नाही भाऊ, माझ्यासाठी. डायकास्ट दाखवा, डब्यावर माप लिहिलेली.” तो दोन सेकंद बघतो, मग स्टूल ओढून वर चढतो.

बरेचजण खिशात चुंबक घेऊन जातात, चिकटला की धातू असं समजून. हा मोठा घोटाळा. डायकास्ट गाडी झमॅक नावाच्या मिश्रधातूची असते. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांवरून हा शब्द झाला. यातलं काहीच चुंबकाला धरत नाही. चाकांमधल्या लोखंडी दांडीला तेवढा तो चिकटेल. धातू ओळखायचा तर गाडी तळहातावर घ्या: वजन लागतं आणि गाल लावला तर थंड वाटते. (मे महिन्यात ही गालाची परीक्षा करू नका.)

पैसे आधी पाठवून घ्यायची खरेदी जरा जपून. एकाने मला तीन फोटो पाठवले, मी अठराशे रुपये पाठवले, आणि त्यानंतर फक्त त्याचा डीपी बदलत राहिला. तेव्हापासून अनोळखी माणसाला मी एकच सांगते: आजची तारीख चिठ्ठीवर लिहा, ती गाडीच्या सीटवर ठेवा आणि फोटो काढा. टप उघडाच आहे, चिठ्ठी ठेवायला वेळ लागत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.

५. घेण्याआधी आत डोकवा

बंद गाडीत निम्मं काम काळ्या काचेआड लपवता येतं. उघड्या गाडीला ती सोय नाही. म्हणून बाहेरचा रंग शेवटी बघा, आधी आत.

पहिली बघा पुढची काच. टप नसल्याने तिला वरून आधार नाही. चौकट काडीसारखी बारीक आणि खोक्यातून काढताना सगळे हात तिथेच लावतात. भिंगाने चौकटीचे दोन्ही खालचे कोपरे तपासा. पांढरट रेघ दिसली तर ती काच आज ना उद्या सुटणार. गाडी उचलायची ती चाकांच्या वरून, दोन्ही बाजूंनी. काचेला धरून कधीच नाही.

मग टपाचा सुटा भाग. मोठ्या मापाच्या बऱ्याच गाड्यांसोबत वेगळा चढवायचा टप येतो, किंवा घडी केलेल्या टपावरचं आवरण. जुन्या खरेदीत हरवतो तो नेमका हाच भाग. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. फोटोत खोका दिसत असेल तर त्यातली रिकामी खाच बघा. टपाच्या आकाराची खाच आणि टप नाही, म्हणजे पंचवीस-तीस टक्के भाव उतरवायला हरकत नाही.

घडी कशी दाखवली आहे तेही बघा. खऱ्या बीटल कॅब्रिओलेचा टप मिटला की मागच्या सीटपाठी उशांची चळत रचल्यासारखा उंच बसायचा. मॉडेलमध्ये तो सपाट दिसला तर साचा करणाऱ्याने घाई केली आहे. १९५९ च्या कॅडिलॅकच्या प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे असतात. ते पारदर्शक लाल प्लॅस्टिकचे हवेत, रंगवलेले ठिपके असतील तर हलका माल. पंखांची टोकं हमखास खरचटलेली असतात, तिथे भिंग फिरवा.

रंगसंगतीही आतूनच पकडता येते. १९५३ ची पहिली कॉर्व्हेट फक्त ३०० निघाली, सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. निळ्या रंगातली ‘१९५३ कॉर्व्हेट’ कोणी ओरिजिनल रंग म्हणून जादा भावात देत असेल तर हसून पुढे जा. आवडली तर खेळणं म्हणून जरूर घ्या.

आता माझी फजिती. १:१८ ची एक लाल एमजीए मला दुकानात दिसली. दाराला हँडलच नव्हतं. दुसरं दार बघितलं, तिथेही नाही. मी दुकानदाराला म्हटलं, “भाऊ, दोन्ही हँडलं तुटली आहेत, कमी करा.” त्याने बिचाऱ्याने तीनशे रुपये कमी केले. घरी येऊन वाचलं तर एमजीए रोडस्टरला बाहेरून हँडल नव्हतंच. आत हात घालून दारातली दोरी ओढायची. भिंग लावलं तर ती दोरीसुद्धा त्या मॉडेलमध्ये होती. पुढच्या वेळी जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग तीनशे वापस द्या ना ताई.” मी त्याच्याकडून अजून एक गाडी घेतली, हिशोब फिटला.

एवढ्यासाठीच, गाडी घेण्याआधी खऱ्या गाडीचे चार फोटो मोबाईलमध्ये बघून घ्या. एक समोरून, एक मागून, एक डॅशबोर्डाचा, एक टप मिटलेला.

६. ‘जुनी आहे’ म्हणणाऱ्यांपासून सावध

हॉट व्हील्सच्या पोटावर १९८३ लिहिलं आहे म्हणून गाडी १९८३ ची होत नाही. ते साल त्या साच्याच्या कॉपीराइटचं. त्याच साच्यातून गेल्या वर्षी निघालेल्या गाडीवरही तेच दिसतं. या एका गैरसमजावर दीडशेच्या गाड्या हजाराला गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मॅचबॉक्सचं थोडं सोपं. छोट्या गाड्यांची ही मालिका १९५३ मध्ये लेस्नी कंपनीने लंडनला सुरू केली. जुन्या गाड्यांच्या पोटावर लेस्नीचं नाव आणि ‘मेड इन इंग्लंड’ असतं. १९६९ पासून पातळ दांडीची, जोरात पळणारी ‘सुपरफास्ट’ चाकं आली, म्हणून बारीक, साधी चाकं दिसली तर बहुधा त्याआधीची. उघड्या गाड्यांच्या शौकिनांसाठी तिथे १९ नंबरवर आधी एमजी मिजेट आणि मग एमजीए होती. जुन्या घरांच्या माळ्यावर अशी एखादी खरंच सापडते. डिंकी या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांचे काही साचे कलकत्त्याला आले होते आणि त्यातून ‘निकी टॉईज’ नावाने गाड्या निघाल्या. तो शिक्का दिसला तर घासाघीस न करता घ्या.

फार जुन्या, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांना एक रोग असतो. ओतताना धातूत शिसं मिसळलं गेलं की मिश्रधातू आतून फुगतो, बारीक तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. त्याला औषध नाही. रंगाखाली जाळीसारखे तडे दिसले की भाव कितीही कमी असो, खाली ठेवा.

७. परदेशातून मागवायची असेल तर

थोडक्यात: पहिल्या वर्षी नको. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर बाकीचे कर आणि कुरिअरवाल्याचं स्वतःचं शुल्क. ‘गिफ्ट’ लिहून पाठवायला सांगितलं तरी आता सुटका नाही, भेटवस्तूंची ती सवलत २०१९ च्या शेवटी गेली. मागवायचीच असेल तर कुरिअर कंपनीकडून एकूण रक्कम लिहून घ्या, मग ऑर्डर द्या. नाहीतर गाडीपेक्षा बिल लांब.

८. नागपूरचा उन्हाळा

हा भाग मला सगळ्यात महाग पडला. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. तेवढं रोज नसलं तरी नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पश्चिमेकडच्या खोलीतलं काचेचं कपाट म्हणजे भट्टीच. माझी पांढरी फोर्ड थंडरबर्ड तिथे दोन उन्हाळे उभी होती. तिचा खिडकीकडचा गाल पिवळा झाला आहे, दुसरा अजून पांढरा. कपाट पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला ठेवा आणि मागे पाणी मुरलेली भिंत नको.

खरी गडबड कूलरची. होळीपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे कूलर चालतो आणि त्याचे बारीक तुषार खोलीभर जातात. बोअरचं पाणी असेल तर त्यातला क्षार जिथे बसेल तिथे पांढरा ठिपका. बंद गाडीच्या टपावरून तो पुसता येतो. उघड्या गाडीत तो सीटवर, गिअरच्या काडीवर, पेडलांमध्ये जाऊन बसतो. पहिल्या वर्षी मला ती धूळ वाटली. ब्रशने निघेना म्हणून ओल्या कापडाने पुसली, तर तो चुना पसरून लाल सीटांवर तांदळाच्या पिठाची बोटं उमटल्यासारखं झालं. कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, पिळून, एकेक ठिपका टिपत एक रविवार गेला.

म्हणून कपाट कूलरच्या झोतात नको, आणि शक्य असेल तर त्या खोलीतच नको. दाराच्या फटींना दुकानात मिळते ती रबरी पट्टी लावा. प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की पुरे.

टायरांचं वेगळंच. मऊ टायर उन्हाळ्यात पाघळतात आणि ॲक्रिलिकच्या तळाला चिकटतात. गाडी उचलली की खाली चार काळे डाग. प्रत्येक चाकाखाली बेकिंग पेपरचा नखाएवढा तुकडा ठेवा. स्पंज लावलेल्या खोक्यात गाडी वर्षानुवर्षं बंद ठेवू नका. स्पंज रंगाला लागून राहिला की त्यावर घामोळ्यासारखे फोड येतात, आणि थर्माकोल टायरला चिकटतो.

मे महिन्यात पार्सल मागवलं तर ते संध्याकाळी घरी कोणी असेल तेव्हाच पोहोचेल असं बघा. दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या एका पाकिटाचा गोंद सुटून माझी मस्टँग कार्डापासून वेगळी होऊन आली होती.

९. वही ठेवा

तारीख, गाडी, माप, कंपनी, भाव, कुठून, काय मोडलंय. बस. घरच्यांना दिसू नये म्हणून भावाचा रकाना मी अकाउंट्सच्या खुणांनी लिहिते.

१०. काच सुटली तर

सुपरग्लू लावू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धुकट सायीसारखी बसते आणि मग काच कायमची आंधळी. साधं पांढरं फेविकॉल चालतं, सुकलं की पारदर्शक होतं. टाचणीच्या टोकावर थेंब घ्या, खाचेत लावा, काच बसवा, जास्तीचं ओल्या काडीने टिपा.

काच हरवलीच असेल तर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक शोधा. बुटांच्या खोक्यातल्या त्या निळ्या कॉर्व्हेटसाठी मी संत्रा बर्फीच्या डब्याचं झाकण कापलं. आधी कागदाचा नमुना कापून बसवून पाहिला. तिसऱ्या कागदाला गोलाई जमली. मग प्लॅस्टिक त्या मापाने कापून, गरम पाण्याच्या वाटीत बुडवून बोटावर वाकवलं, फेविकॉलने बसवलं आणि रात्रभर पंख्याखाली ठेवलं. मुलगा दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने गाडी उचलली, आणि उचलली ती नेमकी काचेला धरून. काच टिकली.